पाहणे आणि दर्शन : पेण-रोह्यातील उत्सवांच्या प्रवास-छायाचित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना :

हिंदू धार्मिक उत्सव आणि यात्रा हा भारतातील प्रवास-छायाचित्रणाचा अत्यंत लोकप्रिय विषय आहे. कुंभमेळा, वाराणसीचे घाट आणि पंढरीची वारी यांच्या छायाचित्रांतून या प्रकाराची एक ठरीव भाषा तयार झाली आहे. गर्दी, रंग, धूर, जोडलेले हात आणि भारावलेला एखादा चेहरा हे तिचे परिचित घटक होत. ही भाषा जिथे जाईल तिथे आपलेच विषय शोधते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या गावांच्या संदर्भात तिची मर्यादा विशेष स्पष्ट होते. मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या पेणच्या गणपती कारखान्यांत गणेशोत्सवाआधी कॅमेरे घेतलेल्या पाहुण्यांची वर्दळ असते. त्याच रेल्वेमार्गावर पुढे असलेल्या रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज यांची दसऱ्यानंतरची पालखी मात्र बाहेरच्या छायाचित्रकाराच्या नजरेत क्वचितच येते. या विषमतेचे कारण केवळ अंतर हे नाही. 'पाहणे' आणि 'दर्शन' या दोन भिन्न क्रियांची जी सरमिसळ या छायाचित्रण-प्रकारात झालेली आहे, तिच्याशी ते निगडित आहे, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे.

पेण : मूर्ती, माल आणि देव

पेण शहर व परिसरातील हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणेशमूर्ती घडविण्याचे काम जवळजवळ वर्षभर चालते. साचाकाम, सुकवण, घासकाम, रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी अशी कामाची विभागणी असते. प्रवासी छायाचित्रकार मात्र साधारणतः आषाढ-श्रावणात येतो आणि ठरलेली दोनच चित्रे घेऊन परततो. पहिले, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या शेकडो पांढऱ्या मूर्तींचे. दुसरे, बारीक कुंचल्याने डोळे आखणाऱ्या कारागिराचे.

पहिल्या चित्राखाली बहुधा 'अपूर्ण गणपती' अथवा 'रंगांची वाट पाहणारे बाप्पा' अशा अर्थाची ओळ असते. वास्तविक पेणचा मोठा व्यापार याच 'कच्च्या' मूर्तींचा आहे. रंगकामासाठी त्या मुंबईसह इतर गावांच्या कारखानदारांकडे जातात. म्हणजे ज्याला छायाचित्रकार अपूर्णता समजतो, तो पेणच्या बाजूने तयार माल असतो. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. शाडूच्या मूर्तीलाही रंगकामापूर्वी पांढऱ्या रंगाचा हात दिला जातो. त्यामुळे ती मूर्ती शाडूची की प्लास्टर ऑफ पॅरिसची, हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये गाजलेल्या सुनावण्यांनी ज्या प्रश्नावर या गावांचे पोट टांगणीला लावले, तो प्रश्न या सुंदर चित्रात दिसतच नाही. ओळ लिहिणारा सहज 'मातीचे गणपती' असे लिहून मोकळा होतो.

डोळ्यांच्या आखणीचे चित्र याहून फसवे आहे. कारागीर देवाला दृष्टी देत आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. मंदिरातील मूर्तीच्या प्रतिष्ठेत नेत्रोन्मीलनाचा स्वतंत्र विधी असतो, हे खरे. परंतु घरगुती पार्थिव गणेशाचे देवत्व भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरात होणाऱ्या प्राणप्रतिष्ठेने येते. कारखान्यातील आखणी हे कसबी, मजुरी ठरलेले काम आहे. आणि याच मूर्तीचे मुख कारखान्यातून घरी आणताना रुमालाने झाकण्याची रीत अनेक कुटुंबे आजही पाळतात. जे मुख घरच्यांनीही स्थापनेपर्यंत झाकून ठेवायचे, ते कॅमेऱ्याने कित्येक आठवडे आधी जगभर दाखविलेले असते! यात कोणाच्या भावना दुखावतात, असा येथे दावा नाही. कारखान्यात मूर्ती अद्याप वस्तूच असल्याने तेथे कोणी हरकतही घेत नाही. दोष इतकाच की, छायाचित्र त्या वस्तूला अवेळी देव करते आणि असे करताना तिच्या पाठीमागचे श्रम, उधारी आणि साचा घासणारे हात चौकटीबाहेर ढकलते.

उंची आणि अंतर :

छायाचित्रकार कोठे उभा आहे, यावर चित्राचा अर्थ किती अवलंबून असतो हे वारीच्या छायाचित्रांवरून समजते. उद्धव ठाकरे यांच्या 'पहावा विठ्ठल' (२०११) या ग्रंथात वारी आकाशातून दिसते. दिंड्या म्हणजे रस्त्यावर उमटलेली नक्षी होते. विस्ताराचा असा प्रत्यय जमिनीवरून येणे शक्य नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र त्या उंचीवरून वारकरी दिसतो, भेटत नाही. संदेश भंडारे यांच्या 'वारी : एक आनंदयात्रा' या पुस्तकातील कॅमेरा वाटेवर, माणसांच्या उंचीवर आहे. गुंथर सोन्थायमर आणि हेनिंग श्टेगम्युलर यांचा वारीवरील माहितीपटही (१९८९) याच परंपरेत बसतो, आणि त्यामागे सोन्थायमर यांचा महाराष्ट्रातील लोकदैवतांचा प्रदीर्घ अभ्यास उभा आहे. रघुबीर सिंग यांनी 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' (१९९४) या ग्रंथात रंग हा भारतीय दृश्यानुभवाचा गाभा मानून शहर टिपले. त्यांच्या अनुकरणात मात्र रंग उरला आणि गर्दीतील माणसांचे परस्परसंबंध न्याहाळणारी त्यांची चौकट हरवली.

रोहा : देव पाहावयास येतो तेव्हा

डायना एक यांनी 'दर्शन' (१९८१) या पुस्तकात दाखवून दिले आहे की, दर्शन ही दुहेरी क्रिया आहे. भक्त देवाला पाहतो आणि देवही भक्ताला पाहतो. रोह्याच्या पालखीत हे तत्त्व गल्लीबोळांतून चालताना दिसते. येथे देव देवळात बसून राहत नाही. तो गावाची विचारपूस करावयास निघतो, अशी श्रद्धा आहे. पालखीला पोलिसांकडून सशस्त्र मानवंदना दिली जाते आणि नंतर ती रात्रभर गावात फिरते. दारापुढे रांगोळी घालून, ओवाळणीचे ताट घेऊन माणसे वाट पाहत उभी असतात. या वाट पाहण्यात अर्धा उत्सव सामावलेला आहे.

प्रकाशित होणारे छायाचित्र मात्र हटकून मानवंदनेचे असते. त्याची कारणे उघड आहेत. गणवेश, बंदुका आणि पालखी हा विरोधाभास एका चौकटीत मावतो, प्रकाश अनुकूल असतो आणि कार्यक्रमाची वेळ ठरलेली असते. शासनसत्ता ग्रामदैवतापुढे नमते, हा अर्थही वाचकाला आयता मिळतो. पालखी जेव्हा एखाद्या अरुंद आळीत दोन घरांपुरती थांबते, तेव्हा तेथे नेत्रदीपक असे काहीच घडत नसते. एक वृद्धा ताट घेऊन पुढे होते, खांदेकरी खांदा बदलतात, पालखी पुढे जाते. प्रवासी छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा 'रिकामा' वेळ होय. शिवाय त्या आळीत तो उभा राहिला, तर देव आणि घर यांच्यामधल्या जागेतच उभा राहतो. पेणच्या कारखान्यात त्याला बाजूला सरका असे कोणी म्हणत नाही. रोह्याच्या आळीत ते म्हटले जाण्याची शक्यता आहे, आणि ते योग्यही आहे.

आज घरोघरच्या मोबाईलवर याच क्षणांची असंख्य छायाचित्रे निघतात. ती तिरपी, अंधुक, निम्मी निरांजनाच्या उजेडाने जळालेली असतात. कलादृष्ट्या त्यांना गुण देता येणार नाहीत. पण ती दाराच्या आतून घेतलेली असतात. पालखी आपल्याकडे येताना त्यांत दिसते. समोरून जाताना नव्हे. प्रवास-छायाचित्रकाराला हे स्थान मिळवावयाचे असेल, तर एका दिवसाच्या फेरीत ते मिळणार नाही. त्याला त्या आळीत कोणाच्या तरी ओटीवर, घरच्यांच्या संमतीने, पालखी येईपर्यंत बसावे लागेल.