पूर्वपक्ष ज्याचा त्याने मांडावा

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्याच्या इच्छेने होते ती चर्चा ‘वाद’. जिंकण्याच्या ईर्ष्येने होते ती ‘जल्प’. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन करीत सुटणे ही ‘वितंडा’. व्यवहारात मात्र पहिल्या शब्दाची आपण अशी काही दशा करून टाकली आहे की, वाद म्हटला की भांडणच डोळ्यांसमोर उभे राहते. धर्माच्या क्षेत्रात तर खरा वाद विरळाच. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जे जाहीर वादविवाद झाले, ते मराठी वाचकास निदान ऐकून तरी ठाऊक असतात. बुद्धी, धैर्य, हजरजबाबीपणा यांची तेथे वाण नव्हती. परंतु समोरचा जे बोलतो ते त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थानेच ऐकून घ्यावयाचे, एवढी सवड त्या किनाऱ्यावर कोणाला असावी असे वाटत नाही.

हे सारे आठवावयास एक इंग्रजी ग्रंथ निमित्त झाला. ‘हाउ वाइड द डिव्हाइड?’, म्हणजे ‘दरी किती रुंद?’, हे त्याचे नाव. १९९७ साली अमेरिकेतील इंटरव्हर्सिटी प्रेस या संस्थेने तो प्रसिद्ध केला. लेखक दोन आहेत. क्रेग ब्लोमबर्ग हे बॅप्टिस्ट परंपरेतील नव्या कराराचे अभ्यासक. कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्टांनी १९५० साली स्थापिलेल्या डेन्व्हर सेमिनरीत त्यांनी अध्यापन केले. स्टीफन रॉबिन्सन हे मॉर्मन. युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ते प्राध्यापक होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

अमेरिकेतील या दोन पंथांच्या संभाषणाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. बॅप्टिस्ट हे नाव तर आपल्या भाषेच्या इतिहासातच येऊन गेले आहे. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे बसून ज्या विल्यम कॅरेने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश छापला, तो बॅप्टिस्ट मिशनरी होता. मॉर्मन त्या मानाने अपरिचित. तरी १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक प्रचारक मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास त्याने एक लहानशी मंडळीही जमविली. ती फार काळ टिकली नाही. म्हणजे हे दोन्ही पाहुणे आपल्या अंगणात येऊन गेलेले आहेत. त्यांचे आपसात काय बिनसले आहे, हे मात्र आपण कधी विचारले नाही.

बिनसले आहे ते असे. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात आपला पंथ स्थापिला, तो मूळ ख्रिस्ती मंडळी पृथ्वीवरून लुप्त झाली होती आणि ती आता पुनःस्थापित झाली आहे, या दाव्यावर. हा दावा खरा मानला तर बॅप्टिस्टांची मंडळी अपुरी ठरते. खोटा मानला तर मॉर्मनांचे ख्रिस्तीपणच संशयास्पद होते. मधला मार्ग सोपा नाही. नावांपासूनच अडचण आहे. बॅप्टिस्ट काय किंवा मॉर्मन काय, दोन्ही नावे आरंभी बाहेरच्यांनी ठेवलेली. बॅप्टिस्टांनी आपले नाव पुढे अभिमानाने मिरविले. मॉर्मनांच्या चर्चने मात्र २०१८ साली आपल्याला पूर्ण नावानेच संबोधावे अशी विनंती केली. प्रस्तुत ग्रंथ त्यापूर्वीचा असल्याने त्यात जुनेच नाव आहे, आणि ग्रंथाविषयी बोलताना मलाही तेच वापरणे भाग आहे.

विशेष हे की, दुरून पाहणाऱ्यास हे दोन पंथ एकमेकांचे सख्खे भाऊ वाटावेत. तान्ह्या मुलास बाप्तिस्मा देणे दोघांनाही मान्य नाही. दोघेही डोक्यावर पाणी शिंपडीत नाहीत, तर सर्वांग पाण्यात बुडवितात. मॉर्मन मुलाचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो. बॅप्टिस्टांत मुलाने स्वतः विश्वास कबूल केल्यावर. पाणी तेच, विधी जवळजवळ तोच. तरी बॅप्टिस्ट मॉर्मनाचा बाप्तिस्मा मानीत नाही आणि मॉर्मन बॅप्टिस्टाचा मानीत नाही. एका मंडळीतून दुसरीत जाणाऱ्यास पुन्हा पाण्यात उतरावे लागते. भेद विधीत नाही, तो विधीमागच्या अधिकारात आणि ज्या ईश्वराच्या नावाने तो होतो त्या ईश्वराच्या कल्पनेत आहे.

ब्लोमबर्ग आणि रॉबिन्सन यांनी या भेदाची चार प्रकरणे पाडली आहेत: शास्त्रप्रामाण्य; ईश्वराचे स्वरूप व मानवाचे ईश्वरसदृश होणे; ख्रिस्ताचे देवत्व व त्रैक्य; आणि तारण. ग्रंथाची खरी थोरवी त्याच्या रचनेत आहे. प्रत्येक प्रकरणात दोघे आपापला पक्ष स्वतःच्या शब्दांत मांडतात, दुसऱ्या पक्षाविषयीच्या शंका विचारतात आणि शेवटी दोघे मिळून एक निष्कर्ष लिहितात: एवढे आम्हा दोघांस मान्य, आणि एवढ्यावर आमचा मतभेद कायम. आपल्या शास्त्रग्रंथांतही खंडनापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची रीत आहे. पण तो पूर्वपक्ष लिहितो कोण? सिद्धान्तीच. आणि सिद्धान्त्याच्या हातचा पूर्वपक्ष कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या पराभवाची तयारी त्याच्या पहिल्याच वाक्यात झालेली असते. येथे पूर्वपक्ष ज्याचा त्यानेच लिहिला आहे.

ही गोष्ट लहान नव्हे. २००४ साली सॉल्ट लेक सिटीच्या टॅबर्नॅकलमध्ये रिचर्ड माऊ या रिफॉर्म्ड परंपरेतील धर्मपंडिताने मॉर्मन श्रोत्यांची जाहीर क्षमा मागितली, ती याच अपराधाबद्दल. मॉर्मन काय मानतात हे मॉर्मनांना न विचारताच आपण जगाला सांगत आलो, असा त्याच्या कबुलीचा आशय होता.

चार प्रकरणांपैकी पहिली तीन विद्वत्तेची आहेत. बायबल हे पूर्ण व बंद झालेले शास्त्र, ही ब्लोमबर्गांची भूमिका. रॉबिन्सनांच्या लेखी शास्त्राचे दार उघडे आहे आणि बायबलबरोबर ‘मॉर्मनचे पुस्तक’ व इतर दोन ग्रंथही प्रमाण आहेत. बॅप्टिस्टाचा ईश्वर अशरीरी आत्मा. मॉर्मनांचा स्वर्गीय पिता सदेह. एकाच्या मते पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तत्त्वतः एक. दुसऱ्याच्या मते ते तीन भिन्न व्यक्ती असून हेतूने एक. हे भेद दोघांपैकी कोणीही झाकीत नाही. उलट ज्या ठिकाणी शब्द एक आणि अर्थ दोन आहेत, ती ठिकाणे ते मुद्दाम दाखवितात; आणि अर्धे भांडण शब्दांचे होते हे वाचकास हळूहळू कळू लागते.

ग्रंथ जिवंत होतो तो चौथ्या प्रकरणात, कारण तारणाचा प्रश्न माणसाच्या रोजच्या जगण्यापर्यंत येतो. ईश्वराची कृपा आणि माणसाची कृती यांचे नाते काय? रॉबिन्सनांनी आपल्या ‘बिलीव्हिंग ख्राइस्ट’ या १९९२ सालच्या पुस्तकात एक दृष्टान्त दिला आहे, तो येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या लहान मुलीस सायकल हवी होती. तिने पैसे साठविले. ते भरले अवघे एकसष्ट सेंट, आणि सायकलची किंमत शंभर डॉलरच्या वर. तेव्हा वडील म्हणाले, तुझे सारे मला दे, राहिलेले मी घालतो. ख्रिस्त आपल्यासाठी हेच करतो, असे रॉबिन्सन सांगतात. पै-पैचा हिशेब ठेवून थकलेल्या कित्येक मॉर्मनांना या दृष्टान्ताने दिलासा मिळाला असेल. पण बॅप्टिस्टाचे मन येथेच अडखळेल. एकसष्ट सेंट तरी का मागावेत, असे तो विचारील. त्याच्या मते मुलीचा गल्ला रिकामाच असतो, आणि सायकल हाती आल्यावर ती जी धावते ती कृतज्ञतेने. दोन पंथांमधील सगळा भेद या एकसष्ट सेंटांत साठविलेला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता दोषांकडे वळू. पूर्वपक्ष ज्याचा त्याने मांडावा हे मान्य. पण ‘त्याने’ म्हणजे नेमके कोणी? रॉबिन्सन मॉर्मन मत मुख्यतः प्रमाणग्रंथांपुरते सीमित करतात आणि एकोणिसाव्या शतकातील नेत्यांची कित्येक प्रवचने बाजूस सारतात. सामान्य मॉर्मन आपल्या श्रद्धेच्या मर्यादा इतक्या नेटक्या आखतो काय, ही शंका राहते. बॅप्टिस्टांची अडचण याच्या उलट आहे. त्यांच्यात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र. साऱ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणासच नाही. ग्रंथ निघाला त्याच वर्षी जेम्स व्हाइट या दुसऱ्या बॅप्टिस्ट लेखकाने ‘मॉर्मन माझा बंधू आहे काय?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक काढले आणि उत्तर नकारार्थी दिले. स्वतः ब्लोमबर्गांनीही २००२ साली ‘द न्यू मॉर्मन चॅलेंज’ या संग्रहात मॉर्मन मत ख्रिस्ती आहे काय हा प्रश्न पुन्हा घेतला आणि त्याला होकार दिला नाही. यावरून संभाषण फसले असे मात्र मी म्हणणार नाही. समोरच्याचे पूर्ण ऐकून घेतल्यावर दिलेला नकार आणि ऐकण्यापूर्वीच दिलेला नकार, यांत फार अंतर आहे.

दुसरा दोष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन प्राध्यापक अभ्यासिकेत बसून बोलतात. बॅप्टिस्ट आणि मॉर्मन खरोखर भेटतात ते उंबरठ्यावर आणि जेवणाच्या मेजावर. मॉर्मन चहा-कॉफी घेत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील बॅप्टिस्ट घरी पाहुण्यापुढे पहिल्यांदा येतो तो गोड थंड चहाच. मद्य दोघांच्याही घरी बहुधा नसते. प्रभुभोजनात एक द्राक्षांचा रस घेतो, दुसरा साधे पाणी. मॉर्मन महिन्यातून एकदा उपवास करतो आणि सोमवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवतो. बॅप्टिस्टाची बुधवारची संध्याकाळ प्रार्थनासभेत जाते. मॉर्मन तरुण दोन वर्षे दारोदार हिंडून आपला धर्म सांगतात. १९९८ च्या जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी आपले वार्षिक अधिवेशन थेट सॉल्ट लेक सिटीत भरविले, तेव्हा बॅप्टिस्ट स्वयंसेवकांनी मॉर्मनांची दारे ठोठावली. दार उघडणाऱ्याच्या जागी आपण उभे राहिलो म्हणजे कसे वाटते, याचा अनुभव त्या वेळी मॉर्मनांना आला असेल. हा सारा संसार या चार प्रकरणांबाहेर राहिला आहे.

त्यातले एकच चित्र पाहा. बॅप्टिस्ट घरातील मुलगी मॉर्मन होते आणि मॉर्मन मंदिरात तिचा विवाह ठरतो. मंदिरात बाहेरच्यांना प्रवेश नाही. जिने तिला वाढविले ती आई विवाहाच्या वेळी बाहेर बसून राहते. आधी नागरी विवाह सर्वांसमक्ष करावा तर मंदिरातील विधीसाठी वर्षभर थांबण्याचा नियम अमेरिकेत होता. तो चर्चने २०१९ साली काढून टाकला. सिद्धान्त बदलला नाही, मंदिराचे दारही उघडले नाही. पण मुलीचे लग्न पाहण्याचा मार्ग त्या आईस मोकळा झाला. त्रैक्यावरील शंभर पृष्ठांना जे साधले नसते ते येथे एका नियमाने साधले. श्रद्धा सोडावी लागली नाही, आणि माणूस बाहेर बसला नाही.

या दिशेने एक पाऊल पुढे टाकणारे पुस्तक २००७ साली निघाले: रॉबर्ट मिलेट व ग्रेगरी जॉन्सन यांचे ‘ब्रिजिंग द डिव्हाइड’. मिलेट हे तेव्हा ब्रिगहॅम यंग विद्यापीठात प्राध्यापक असलेले मॉर्मन; जॉन्सन हे मॉर्मन घरात वाढलेले पण पुढे इव्हँजेलिकल पाळक झालेले. या दोघांनी ठिकठिकाणी श्रोत्यांसमोर एकत्र बसून संभाषणे केली आणि त्यांचेच हे पुस्तक झाले. विद्वत्तेत ते पहिल्या ग्रंथाच्या तोडीचे नाही. पण त्यात मैत्रीची ऊब आहे, आणि श्रोत्यांच्या प्रश्नांमुळे घरगुती जीवनास त्यात वाव मिळाला आहे.

आदर म्हणजे मतभेदावर पांघरूण घालणे असा एक समज आपल्याकडेही बोकाळलेला आहे. २०१३ साली सदर्न बॅप्टिस्टांचे एक अग्रणी आल्बर्ट मोलर ब्रिगहॅम यंग विद्यापीठात व्याख्यानास गेले आणि मॉर्मन यजमानांच्या तोंडावर म्हणाले की, आपण बरोबर स्वर्गास जाऊ असे मला वाटत नाही, पण तुरुंगात कदाचित बरोबर जाऊ. धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नावर दोघांची बाजू एक आहे, असा त्यांचा रोख होता. कोणास हे बोलणे कठोर वाटेल. परंतु ज्याला पाहुणा म्हणून बोलाविले त्याने गोड खोटे बोलू नये, आणि यजमानाने ते खरे ऐकून घेऊन त्याला पुन्हा बोलवावे, यापेक्षा वेगळा आदर कोणता असतो? पुढच्याच वर्षी मोलर तेथे पुन्हा बोलले.

स्वप्रांतापासून दूर, परभाषिकांच्या शेजारात पिढ्या घालविलेल्या आपणा मराठी मंडळींस या ग्रंथाचे मर्म सहज कळावे. शेजाऱ्याचे देव, त्याचे सोवळे, त्याचे सण यांविषयी आपण घरात काय बोलतो आणि ते त्याने ऐकले तर त्याला ओळखू येईल काय, ही कसोटी आपल्यालाही लावून पाहता येण्याजोगी आहे. ब्लोमबर्ग व रॉबिन्सन यांनी दरी बुजविली नाही. बुजविण्याचा आवही आणला नाही. ती कोठे खोल आहे आणि कोठे नुसते धुके होते, हे त्यांनी दोन्ही काठांवरून मोजून दाखविले. मेजावरचा चहा आणि मंदिराबाहेर बसलेली आई त्यांच्या मापात आली असती, तर हा ग्रंथ अधिक मोठा झाला असता. तरीही आहे त्या रूपात, न्यायशास्त्राने ज्याला वाद म्हटले त्याचा इतका निर्मळ नमुना अलीकडच्या धर्मविषयक वाङ्मयात माझ्या पाहण्यात आलेला नाही.