रमाबाईंची आज्ञाधारकता

तुकोबांची पालखी काटेवाडीस येते तेव्हां गांवचे परीट तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचा कळप पालखीभोंवतीं रिंगण धरतो. ज्या संताचा हा सन्मान, त्यानें नामदेव व पांडुरंग यांनीं स्वप्नांत येऊन कवित्वाची आज्ञा केल्याचें स्वतःच सांगून ठेविलें आहे. आम्हां शिकलेल्या मंडळींपैकीं कोणी त्याबद्दल त्याची उलटतपासणी करीत नाहीं. मग याच पुणें जिल्ह्यांत, केडगांवीं, पंडिता रमाबाईंनीं देवानें आपणांस हांक दिली असें म्हटलें, कीं आमच्या कपाळास आंठ्या कां पडाव्या? हा प्रश्न मनांत धरून आम्हीं बाईंची १९०७ सालची आत्मकथनपर साक्ष आणि १९७७ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रसंग्रह पुन्हां लागोपाठ वाचला.

साक्षींतील पूर्वार्ध आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. अनंतशास्त्री डोंगरे यांचें कुटुंब दुष्काळांत तीर्थोतीर्थीं फिरत होतें. व्रतें झालीं, उपास झाले, होतें नव्हतें तें दान करून झालें. परंतु ज्याची वाट पाहिली तो देव कांहीं बोलला नाहीं. १८७४ सालीं आईबाप गेले. दैवी वाणीची इतकी आर्त प्रतीक्षा करून जिच्या पदरीं केवळ मौन आलें, ती स्त्री पुढें असल्या वाणीवर भाबडेपणानें विश्वास ठेवील हें संभवनीयच नव्हे. जे टीकाकार त्यांस भोळ्या म्हणतात त्यांनीं हीं पानें बहुधा उलटलींच नसावींत.

भोळेपणाचा उरलासुरला आक्षेप पत्रें वाचतांना गळून पडतो. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच दिवसांत आध्यात्मिक माता म्हणविणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं त्यांचा वाद जुंपला. चेल्टनहॅम येथें बाईंनीं तरुण पुरुषांस शिकवावें कीं नाहीं, याबद्दल हिंदुस्थानांतील बिशपांनीं प्रतिकूल मत दिलें, बाई संतापल्या. देवाच्या शब्दाची आज्ञा पाळणें निराळें व पाद्र्यांची पाळणें निराळें, एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें झुगारलें तें दुसऱ्याचें मानेवर घेण्यासाठीं नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. सिस्टरबाईंनीं यांत अहंकार पाहिला. वाचक साहजिकच रमाबाईंचा पक्ष घेतो, आम्हींहि घेतला. तथापि सिस्टरबाईंचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं. देवाचा शब्द कोणता आणि आपलीच इच्छा कोणती, हें ओळखावयाचें कशावरून? त्या वेळीं बाईंपाशीं सदसद्विवेकबुद्धी एवढेंच उत्तर होतें, आणि हट्टी माणूसहि तिचाच हवाला देतो.

उत्तर मिळालें तें १८९६ सालीं, आणि तें पत्रांतून मिळालें नाहीं. मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. गांठीं पैसा नव्हता, शारदा सदनाचाच खर्च डोईजड होता. स्वस्थ बसण्यास कारणें हवीं तितकीं होतीं. पण लहानपणचा तो दुष्काळ आठवला, देवाची हांक आली अशी खात्री पटली, आणि बाई निघाल्या. शेंकडों मुली मृत्यूच्या दाढेंतून केडगांवीं आल्या. येथें ऐकूं आलेला आवाज ऐकणारीच्या सोयीचा मुळींच नव्हता. सिस्टरबाईंच्या प्रश्नास याहून चांगली कसोटी आम्हांस सुचत नाहीं.

मात्र १८९३ सालचें प्रकरण या कसोटीस सहजासहजीं उतरत नाहीं. शारदा सदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील या भरंवशावर लोकांनीं मुली पाठविल्या होत्या. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें ठेवीत, आणि येऊं इच्छिणाऱ्या मुलीस मनाई करीत नसत. गवगवा झाला, रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें. दार लावून घेणें म्हणजे देवास लपविणें, ही बाईंची भूमिका आम्ही समजूं शकतों. पण अन्नवस्त्रासाठीं जिच्यावर अवलंबून राहावयाचें तिच्याच खोलीचें दार उघडें असलें, तर बालविधवेची इच्छा कितपत मोकळी राहते? बिशपांपुढें स्वतःच्या मनासाठीं जी मोकळीक त्यांनीं हक्कानें मागितली, तीच या मुलींच्या वांट्यास पुरी आली काय, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस बाईंच्या लेखनांत सांपडलें नाहीं. केसरीची त्या वेळची भाषा कडवट होती म्हणून मूळ शंका खोटी ठरत नाहीं.

उत्तरवयांत बाईंचें हें ऐकणें फार शांत होत गेलें, आणि आमच्या मतें तोच त्याचा उत्तम अवतार होय. मूळ शब्द काय आहे हें स्वतः जाणावें म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांस कळेल असें बायबलाचें मराठी भाषांतर करूं लागल्या. हिंदु तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनीं कटाक्षानें टाळले. परिणामीं भाषा कित्येक ठिकाणीं ओबडधोबड झाली आहे, हें सांगितलेंच पाहिजे. संस्कृत विद्येसाठीं ज्यांस कलकत्त्याच्या पंडितांनीं 'सरस्वती' म्हटलें, त्यांनीं आपण होऊन स्वीकारलेला हा ओबडधोबडपणा आहे. १९२१ सालीं कन्या मनोरमा गेली, तरी काम चालूच राहिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई निवर्तल्या. १९२४ सालीं तें बायबल बाहेर आलें. त्याचे खिळे जुळविले व छपाई केली ती केडगांवच्या आश्रमांतील स्त्रियांनींच.