अनुकृती : पॉप कला व वारली चित्रकला

पूर्वी अस्तित्वात असलेल्या प्रतिमेची पुन्हा केलेली निर्मिती म्हणजे अनुकृती. एकमेव ते ललित आणि बहुसंख्य ते व्यापारी, अशी कलेची विभागणी रूढ आहे. पॉप कलेने ती पश्चिमेत मोडीत काढली. वारली चित्रकलेस ती मुळातच लागू पडत नाही.

जाहिरातक्षेत्रातून आलेल्या अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रे लॉस अँजेल्स येथे मांडली. रॉय लिक्टनस्टाइन याने चित्रकथांतील चौकटी मोठ्या आकारात रंगविल्या. बाजारातील प्रतिमा कलादालनात गेली आणि तिला चित्रकाराचे नाव लाभले. मूळ वेष्टने व चौकटी रेखाटणारे मात्र बहुधा पडद्याआडच राहिले. पॉप कलेच्या धीट उपरोधाची ही उणी बाजू होय.

पालघर जिल्ह्यात हा प्रवास उलट दिशेने झाला. वारली विवाहात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते. चौकाची ठेवण परंपरेने ठरलेली असते. तीत नावीन्य नव्हे, तर यथातथ्यता हा गुण मानला जातो. चित्रावर स्वाक्षरी नसते आणि विवाहानंतर ते जपलेही जात नाही. येथील पुनरुक्ती ही नक्कल नव्हे, ती विधीची आवृत्ती होय.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी विधीबाहेरचे स्वतंत्र विषय रंगवून नाव मिळविले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला स्वाक्षरी व किंमत लाभली, त्याचबरोबर ती पुरुषांच्या हाती अधिक गेली. विक्रीमुळे म्हसे यांची रेषा उणावली नाही. म्हणून व्यापार हाच ऱ्हास, हे मत टिकत नाही.

खरा प्रश्न पेले, साड्या व भिंतीचे कागद यांवर छापल्या जाणाऱ्या तारपानृत्याचा आहे. तेथे त्रिकोणी देहांची खूण उरते. मात्र चित्रामागचा प्रसंग व चित्रकर्त्याचे श्रेय दोन्ही गळून पडतात. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याच्या मुखवट्यांचेही असेच आहे : सोंगाच्या चेहऱ्यावर ते देवता असतात, दिवाणखान्यात शोभेची वस्तू. मात्र कारागिराला त्याचा मोबदला मिळत असेल, तर या स्थित्यंतराला अपहार म्हणता येत नाही.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने प्रदेशाच्या नावाचे रक्षण होते, एकेका रचनेचे नव्हे. खोडाळ्यासारख्या गावातील पाड्यावर चौक लिहिणाऱ्या स्त्रीचे नाव त्यात येत नाही. तात्पर्य, ललित व व्यापारी यांतील रेषा प्रतींच्या संख्येने ठरत नाही. प्रतिमा कोणाची, कोणाच्या संमतीने घेतली आणि श्रेय व मोल कोणास मिळाले, यांवरच अनुकृतीचे मूल्यमापन व्हावयास हवे.