पुस्तक कोणी छापले?

वर्गात नवे पुस्तक आले की धडा उघडण्याआधी आम्ही मुलांना आतले पहिले पान वाचायला लावत असू. पुस्तक कोणी लिहिले, कोणी छापले, कोठे विकले जाते, हे त्या पानावर असते. मुले कंटाळत. पण धर्माच्या आणि राजकारणाच्या पुस्तकांत निम्मी हकीकत त्या पानावरच कळते. पेसाहचा सण जवळ आला आहे, म्हणून तीन पुस्तके त्या दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिले पुस्तक लंडनचे, १६५० सालचे. आम्स्टरडॅमचे हाखाम मेनाशे बेन इस्राएल हे स्वतः छापखानदार होते. त्या शहरातला पहिला हिब्रू छापखाना त्यांचाच. ‘इस्राएलाची आशा’ या ग्रंथात त्यांनी हरवलेल्या दहा वंशांचा विषय मांडला. इंग्लंडातून यहुद्यांना १२९० साली हाकलून दिले होते. तेथे त्यांना पुन्हा राहू द्यावे, यासाठी मेनाशे यांनी पुढे मोठी खटपट केली. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मोझेस वॉल याने केले आणि पोप्स हेड अ‍ॅली या गल्लीतील ‘क्राउन’ नावाच्या दुकानाने ते प्रसिद्ध केले. दुकान हॅना अ‍ॅलन या विधवेचे होते. नवरा १६४६ साली वारला, तेव्हापासून तिने धंदा स्वतः सांभाळला. पुढे तिने दुकानात उमेदवारी केलेल्या लाइव्हवेल चॅपमनशी लग्न केले. राजसत्तेला न मानणाऱ्यांची पुस्तके काढल्याबद्दल चॅपमनला तुरुंगही पाहावा लागला.

अशा दुकानाला हाखामांचे पुस्तक कशाला हवे होते? तेथल्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांना वाटे की ख्रिस्ताचे राज्य जवळ आले आहे, आणि त्याआधी यहुदी लोक ख्रिस्ती होतील. वॉलनेही आपली ही आशा लपविली नाही. त्याचबरोबर, यहुद्यांचा द्वेष करणे हे ख्रिस्ती लोकांचे पाप आहे, असेही त्याने लिहिले. म्हणजे एका यहुदी हाखामांचे पुस्तक इंग्रज वाचकाच्या हाती गेले ते दुसऱ्याचा हेतू सोबत घेऊन. तरीही आपली बाजू लंडनमध्ये वाचली गेली, हे नाकारता येत नाही.

दुसरे पुस्तक मुंबईचे, १८३२ सालचे: स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीत लिहिलेले हिब्रू व्याकरण. हेतू तोच, वॉलचा. तनाख मूळ भाषेत वाचले की हे लोक आपोआप ख्रिस्ताकडे येतील, अशी मिशनऱ्यांची समजूत. या पुस्तकाविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, मिशनऱ्यांनी आपल्याला हिब्रू दिली, त्यांचे उपकार मानावेत. दुसरे म्हणते, ते आपल्याला बाटवायला आले होते, त्यांचे नाव घेऊ नये. आम्हांला दोन्ही मते अपुरी वाटतात. पहिले मत हेतू विसरते आणि दुसरे मत परिणाम विसरते. बाटले ते फार थोडे. उलट १८३४ साली जन्मलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर विल्सनसाहेबांच्याच शाळेत शिकले, पुढे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी आपल्या प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. शिकविणाऱ्याच्या मनात एक होते, शिकणाऱ्याने केले दुसरेच. शिक्षकाच्या पेशात असे पुष्कळदा घडते आणि ते चांगलेच आहे.

तिसरे पुस्तक हगादा. मुंबईत १८४६ साली शिळाछापावर हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर अशी हगादा निघाली. मग १८७४ साली पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरोन दानिएल तळकर यांनी सचित्र हगादा काढली. ती छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. अग्निहोत्र्याच्या छापखान्यातून मिसर देशातून सुटकेची कथा बाहेर पडावी, ही गोष्ट आपल्या मुलुखातच घडू शकते! छापखाना परका होता, पण कोणते शब्द घ्यायचे हे तळकरांनी ठरविले. पुस्तक आपले कोणते, याची आमची कसोटी हीच आहे. यंत्र कोणाचे, कागद कोणाचा, याला महत्त्व नाही. शब्द कोणी निवडले आणि कोणासाठी, हे पाहावे.

या हगादेची छायाप्रत १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. तीतले लुगडी नेसून बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र आता सर्वांना ठाऊक आहे. ते भिंतीवर लागते, भाषणात दाखविले जाते. आमची तक्रार येथेच आहे. चित्र सर्व पाहतात, शेजारचे मराठी कोणी वाचीत नाही. ते भाषांतर शोभेसाठी केलेले नव्हते. हिब्रू न समजणाऱ्या आईला, आजीला आपण सेदेरला काय म्हणतो आहोत हे कळावे, म्हणून केले होते. ‘अनशी धाकाचा सण’ म्हणून आंबट घालण्याचे भांडे झाकून ठेवणाऱ्या त्या बायकांना त्या पानांनी सणाचा अर्थ त्यांच्या बोलीजवळ आणून दिला.

येथे ऑस्ट्रेलियात आपल्या घरांतून इंग्रजी हगादा आल्या. त्या वाईट नाहीत. नातवंडांना अर्थ कळावा म्हणून आज त्यांचीच गरज आहे, जशी १८७४ साली मराठीची होती. पण म्हणून कपाटातली मराठी हगादा टाकून देऊ नये. जुने घर आवरताना ती रद्दीत जाते, असे आम्ही पाहिले आहे. यंदा सेदेरला चार प्रश्न नातवंडांनी हिब्रूत आणि इंग्रजीत विचारावेत, आणि उत्तराचे निदान एक पान घरातल्या वडीलधाऱ्यांनी मराठीत मोठ्याने वाचावे. वाचण्याआधी पहिले पान मुलांना दाखवावे आणि ते कोणी छापले हे सांगावे.

सर्व वाचकांना सणाच्या शुभेच्छा. शालोम.