टपालवाल्याची टोपी

संगणकावरील खेळांत जें विस्तीर्ण जग खेळाडूपुढें मांडलेलें असतें, त्यांतील गौण पात्रें सजीव कशीं वाटावीं? त्यांना दिनचर्या द्यावी, हें उत्तर आतां जुनें झालें. 'अल्टिमा ७' (१९९२) मधील माणसें वेळेवर कामाला जातात, वेळेवर निजतात. 'ऑब्लिव्हियन'नें (२००६) त्यांना स्वतःचीं उद्दिष्टेंही दिलीं. तरीपण त्या नगरांतील दोन नागरिक परस्परांशीं बोलूं लागले कीं हंसूं आवरत नाहीं! आमच्या धरणगावीं १८९० सालीं जन्मलेल्या बालकवींनीं निर्झरास जिवंत केलें, तें त्याला वेळापत्रक देऊन नव्हे, मन देऊन.

म्हणूनच, एका विद्यार्थ्यानें दाखविलेला 'मेजोराज मास्क' (२०००) मला अधिक सरस वाटतो. त्यांत तीन दिवसांनीं चंद्र कोसळावयाचा असतो. गांवचा टपालवाला शेवटच्या रात्रीं आपल्या खोलींत तळमळत पडलेला आढळतो. पळून जावें असें त्याला फार वाटतें. पण पळणें वेळापत्रकांत नाहीं! येथें यंत्राची मर्यादा हीच पात्राची व्यथा झाली आहे. (ही युक्ति प्रत्येक पात्रास साधेल असें मात्र नव्हे.) पळण्याची परवानगी मिळाल्यावरच तो निघतो, आणि जातांना आपली टोपी खेळाडूस देऊन टाकतो.