बोटांची सूज आणि अंगावरचे पुरळ : पुरावा कशाला म्हणावे?

गोवराची साथ चालू असताना मुलाला ताप येऊन अंगावर पुरळ उठले, तर कारणाचा अंदाज बांधणे अवघड नसते. पुरळ आणि विषाणू यांचे नाते तेथे पूर्वीच पक्के झालेले आहे. पण आजारच नवा असेल, तर त्वचेवरची खूण त्याचीच आहे हे ठरवायचे कसे? कोविड-१९ च्या साथीत मुलांच्या बाबतीत अशा दोन खुणा पुढे आल्या. एकीचा पुरावा भक्कम ठरला, दुसरीचा डळमळीतच राहिला. गाजावाजा मात्र दुसरीचाच अधिक झाला. असे का झाले, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

२०२० च्या वसंतात इटली, स्पेन व फ्रान्स येथील त्वचारोगतज्ज्ञांकडे एक वेगळीच तक्रार येऊ लागली. मुलांच्या पायांच्या बोटांवर जांभळट-लाल, सुजलेले, खाजणारे किंवा दुखणारे चट्टे दिसत होते. थंड, दमट हवेत बोटांना येते तशीच ही सूज होती, पण कडाक्याची थंडी तर सरली होती आणि मुले एरवी ठणठणीत होती. ‘कोविड टोज’ म्हणजे ‘कोविडची बोटे’ हे नाव लगेच रूढ झाले. नावातच निष्कर्ष सांगून टाकला होता!

पुराव्याने मात्र तशी साथ दिली नाही. ब्रुसेल्समध्ये अशा ३१ रुग्णांची तपासणी झाली. त्यांत बहुतेक किशोरवयीन व तरुण होते. एकाच्याही घशात-नाकात विषाणू सापडला नाही, रक्तातही त्याविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे तपासलेल्या २० मुलांतही तेच आढळले. माद्रिदच्या एका गटाने सात मुलांच्या त्वचेचे नमुने पाहिले. रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत विषाणूचे प्रथिन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखे कण दिसल्याचे त्यांनी २०२० मध्येच जाहीर केले. त्यावर इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतला. पेशीतल्या पेशीत मालाची ने-आण करणाऱ्या, क्लॅथ्रिन या प्रथिनाचे कवच असलेल्या पुटिकाही अशाच काटेरी गोळ्यांसारख्या दिसतात. तेव्हा दिसण्यातील साम्य म्हणजे ओळख पटणे नव्हे.

यावर एक चतुर स्पष्टीकरण पुढे आले. मुलांच्या शरीरात इंटरफेरॉन हे संरक्षक द्रव्य इतक्या जोमाने तयार होते, की प्रतिपिंडे बनण्याआधीच विषाणूचा निकाल लागतो. बोटांची सूज ही त्या जोमाची खूण. ही कल्पना निराधार नाही. इंटरफेरॉन अतिरिक्त प्रमाणात निर्माण होणाऱ्या काही आनुवंशिक रोगांत लहानपणीच अशी सूज येते. पण ‘प्रतिपिंडे सापडली तर कोविड, न सापडली तरी कोविड’ असा युक्तिवाद सुरू झाला, की तो खोटा ठरण्याची वाटच बंद होते. ती वाट उघडी ठेवायची तर प्रतिपिंडांखेरीज दुसरी एखादी खूण शोधायला हवी. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी टी-पेशींत विषाणूची स्मृती उरली आहे का, हे पाहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बहुसंख्य रुग्णांत तीही आढळली नाही. टाळेबंदीतील बैठी दिनचर्या, थंड फरशीवर अनवाणी वावर अशी साधी कारणे काहींनी सुचवली होती. त्यांचा विचार आधी व्हायला हवा होता.

आता दुसरी खूण पाहू. इटलीतील बेर्गामो येथील डॉक्टरांनी काही आजारी मुले पाहिली. ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, फुटलेले ओठ, सुजलेले हातपाय अशी त्यांची लक्षणे कावासाकी रोगासारखी होती. येथील डॉक्टरांनी जुन्या नोंदी काढून मोजणी केली. आधीच्या पाच वर्षांत असे १९ रुग्ण आले होते. १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल २०२० या दोनच महिन्यांत १० आले, आणि त्यांतील आठ जणांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. विषाणू सापडला तो केवळ दोघांत. म्हणजे विषाणू निघून गेल्यावर प्रतिकारयंत्रणाच भडकली होती. दहा ही संख्या लहानच, पण तुलनेला जुनी आकडेवारी होती आणि इतर देशांतही तसेच अनुभव आले. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची प्राथमिक व्याख्या केली.

आम्हीही संशोधनाच्या क्षेत्रातलेच आहोत. नव्या निरीक्षणाची ओढ आम्हांस ठाऊक आहे. छायाचित्र डोळ्यांत भरते, आकड्यांचा तक्ता भरत नाही. शिवाय छायाचित्रही फसवे असू शकते. कोविडच्या त्वचालक्षणांवरील शोधनिबंधांतील छायाचित्रांची २०२० साली एक पाहणी झाली, तेव्हा सर्वांत गडद अशा दोन वर्णगटांतील त्वचेचे एकही छायाचित्र त्यांत सापडले नाही. गोऱ्या त्वचेवरचा लाल चट्टा सावळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी दिसतो किंवा नजरेतून निसटतो. म्हणून आपल्या वर्गातील एखाद्या मुलाला काही आठवड्यांपूर्वी संसर्ग होऊन गेला असेल आणि आता ताप उतरत नसेल, तर केवळ लाली शोधू नये. डोळे, ओठ, तळवे पाहावेत. पोटदुखी, उलट्या विचाराव्यात आणि पालकांना त्याला तातडीने रुग्णालयात नेण्यास सांगावे.

‘अमुक लक्षण अमुक रोगाचे’ असे विधान वर्गात आले, की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावे. हे लक्षण पूर्वी किती जणांत दिसत असे? लक्षण असलेल्यांपैकी किती जणांत रोगाची स्वतंत्र खूण सापडली? आणि काय आढळले तर हे विधान आपण मागे घेऊ? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही आकर्षक असोत, थांबलेले बरे.