पाककृतिग्रंथांचे परीक्षण : काही निकष

मराठीत पाककृतिग्रंथांची परंपरा सुमारे दीडशे वर्षांची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 साली, तर कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 साली प्रसिद्ध झाली. या ग्रंथांच्या परीक्षणाची परंपरा मात्र मराठीत नीटशी रुजलेली नाही. पदार्थ करून पाहिले आणि ते चांगले उतरले, एवढ्यावर परीक्षण संपते. उपाहारगृहांच्या परीक्षणाचीही तीच स्थिती आहे. पाककृती ही प्रथमतः भाषिक रचना आहे. तेव्हा ती कोणास उद्देशून आहे, तिचे माप कोणाचे आहे आणि तिचे शब्द कोणत्या प्रदेशाचे आहेत, हे प्रश्न परीक्षकाने विचारणे अगत्याचे आहे.

प्रथम क्रियापदाचा विचार करू. जुन्या ग्रंथांत ‘घालावे’, ‘परतावे’, ‘उतरवावे’ अशी विध्यर्थी रूपे आढळतात. अलीकडच्या लेखनात त्यांची जागा ‘घाला’, ‘परता’ या आज्ञार्थाने घेतली आहे. विध्यर्थात कर्ता अध्याहृत राहतो. कोणी घालावे, हे सांगण्याची गरजच नसते, कारण स्वयंपाक कोणी करावयाचा हे समाजाने आधीच ठरविलेले असते. आज्ञार्थात निदान वाचक समोर उभा राहतो. या बदलाकडे केवळ शैलीचा भेद म्हणून पाहणे पुरेसे नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. 1956 च्या कायद्यानंतर देशात दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने रूढ झाली आणि शेर, तोळा ही मापे व्यवहारातून मागे पडली. ‘रुचिरे’ने वाटी-चमच्याचे प्रमाण स्वीकारले, हे तिच्या लोकप्रियतेचे एक प्रमुख कारण मानले जाते. वाटी प्रत्येक घरी निराळी असते, हा आक्षेप वरवरचा होय. एका कृतीतील सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले की वाटी हे माप न राहता गुणोत्तर होते, आणि गुणोत्तर वाटीच्या आकाराने बिघडत नाही. आई वा सासू हाताशी नसलेल्या नव्या गृहिणीस या युक्तीने आत्मविश्वास दिला. हे श्रेय निःसंशय मोठे आहे.

तथापि याच मापात एक गृहीत दडलेले आहे. ‘चार माणसांसाठी’ या शब्दांनी कृतीचे एकक कुटुंब ठरते. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी हे एकक अपुरे पडते. वऱ्हाडातील रोडग्यांचे जेवण घ्यावे. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजावयाचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर पंगतीस वाढावयाचे, हा बेत चौघांसाठी सहसा घातला जात नाही. त्याचे एकक पंगत हेच आहे. रोडगा वाटीत मोजून घरच्या भट्टीत भाजता येईल, पण मग कृतीतून गोवरी जाते, धुराचा वास जातो आणि भाजणारे दहा हातही जातात. रोडग्याची कृती देणाऱ्या ग्रंथाने यांपैकी काय राखले व काय सोडले, हे परीक्षकाने नोंदविलेच पाहिजे.

तिसरा प्रश्न शब्दांचा. ‘वरून सांबार टाका’ हे वाक्य वऱ्हाडी वाचकास कोथिंबिरीविषयीचे वाटेल, पुण्याच्या वाचकास ते कोड्यात टाकील. ‘बेसन’ हे प्रमाण मराठीत हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, तर वऱ्हाडात त्याच पिठाचे पिठलेही बेसनच; ‘बेसन-भाकर’ म्हणजे पूर्ण जेवण. बटाट्यास ‘आलू’ म्हणणाऱ्या आणि जिन्नस ‘घालण्या’ऐवजी ‘टाकणाऱ्या’ स्त्रीला छापील ग्रंथ वाचताना स्वतःच्याच चुलीपुढे भाषांतर करावे लागते. प्रमाण भाषा टाळावी, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ‘महाराष्ट्रीय’ म्हणविणाऱ्या ग्रंथाने निदान शब्दसूचीत ही रूपे द्यावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शब्दांपलीकडे वगळण्याचा प्रश्न आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या ग्रंथाने मराठवाड्यातील महार व मांग समाजांची खाद्यसंस्कृती मांडली. भोजनप्रसंगीच्या परिचित श्लोकास दिलेले प्रत्युत्तर त्याच्या शीर्षकातच आहे. तो वाचल्यावर आधीच्या ग्रंथांतील ‘आपले पदार्थ’ या शब्दप्रयोगातील ‘आपले’ किती थोड्यांचे होते, हे लक्षात येते. केनवडचा परिसर हिंगोली जिल्ह्याला, म्हणजे मराठवाड्याला जवळचा आहे. त्यामुळे ही उणीव तेथील वाचकास परकी वाटणार नाही.

उपाहारगृहांच्या परीक्षणात ‘अस्सल’ हा शब्द सर्वांत सैलपणे वापरला जातो. त्याने पदार्थाचे वर्णन होत नाही, केवळ दाव्याला दुजोरा मिळतो. वस्तुतः खमंग, खरपूस, करपट, सपक, मिळमिळीत, अळणी, तुरट, झणझणीत, लुसलुशीत, खुसखुशीत असे सूक्ष्म भेद दाखविणारे शब्द मराठीत विपुल आहेत. भाकर खरपूस होती की करपट, हे सांगणारा परीक्षक वाचकाला काही तरी देतो. ‘अप्रतिम’ म्हणणारा काहीच देत नाही.

या शब्दांचे रक्षण हा केवळ भाषाभिमानाचा विषय नाही. वाशीम जिल्ह्याच्या शिवारात गेल्या काही दशकांत सोयाबीन पसरले आणि ज्वारीचे क्षेत्र आटले. ज्वारी घरात आली नाही तर कण्या, आंबील, कळण्याची भाकर यांची चव जाते. चवीमागोमाग शब्दही जातो. मग हमरस्त्यावरच्या ढाब्याच्या फलकावर ‘वऱ्हाडी थाळी’ एवढेच उरते, आणि ती तपासण्यासाठी लागणारी जीभ व शब्द दोन्ही उरत नाहीत. पाककृतिग्रंथ आणि त्याचे परीक्षण यांचे मोल ठरविताना म्हणूनच पदार्थ उत्तम झाला का, एवढेच विचारून भागणार नाही. ज्या घरात तो पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या होत आला, त्या घरच्या स्त्रीला तो ग्रंथ वाचताना आपली चूल ओळखू येते का, हेही विचारले पाहिजे.